वाटेत लागणारे कारवार

बेळगावच्या माणसाला समुद्र म्हटला की गोवाच आठवतो. शनिवारी दुपारी चोर्ला घाट उतरायचा, एक रात्र कुठेतरी काढायची आणि रविवारी रात्री चपलांतली वाळू झटकत घरी यायचे, हा आपल्याकडचा ठरलेला बेत. त्यात वावगे काही नाही. पण गोव्याच्या सीमेला अगदी चिकटून एक गाव आहे, आपल्याच राज्यातले, एका जिल्ह्याचे मुख्य ठाणे. त्याच्याकडे मात्र आपण गोकर्ण-मुर्डेश्वरच्या वाटेवरचा चहाचा थांबा म्हणूनच पाहतो. मी स्वतः कारवारातून चार-पाच वेळा गेले होते. कारवार पाहिले मात्र एकदाही नव्हते.

या खेपेला ते पाहायला मिळाले आमच्या अत्तींमुळे. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माझे माहेर मराठी आणि सासर धारवाडचे कन्नड, त्यामुळे आमच्याकडे आजी बेळगावात असते आणि अज्जी धारवाडात, अशी मुलांनी सोपी वाटणी करून टाकली आहे. अत्तींचे वडील सरकारी बांधकाम खात्यात कारकून होते आणि १९५८ पासून सहा वर्षे त्यांची नेमणूक कारवारला होती. म्हणजे वयाच्या आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत अत्ती समुद्राकाठी वाढल्या. त्यानंतर साठ वर्षांत त्या एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या. संक्रांत झाली आणि एका सकाळी चहा घेताना त्या अचानक म्हणाल्या, ‘‘ओंदु सल समुद्र नोडबेकु.’’ एकदा समुद्र पाहायचाय. गोव्याला नेतो, असे यांनी सांगून पाहिले. त्यावर त्यांनी मान हलवली. त्यांना समुद्र म्हणजे कारवारच हवे होते.

बेळगावहून कारवारला रेल्वेने जायचे तर लोंढा, कॅसलरॉक करत दूधसागरच्या घाटातून मडगाव गाठायचे आणि तिथे कोकण रेल्वेची गाडी पकडायची. वाट सुंदर आहे, पण गाड्यांचा मेळ जमेलच असे नाही. आम्ही गाडीने खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा आणि अणशी घाट असे गेलो. हा रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पातून जातो. वळणे पुष्कळ आहेत आणि मध्ये खाण्यापिण्याची सोय बेताची. डबा घरचा घ्यावा, पाच तास हाताशी ठेवावेत आणि घाट दिवसाउजेडीच उतरावा.

रामनगरला बहुतेक लोक टपरीवर चहा घेतात आणि पुढे निघतात. पण हे गाव असे आखीव का, हे फारसे कुणी विचारत नाही. काळी नदीवर सुपा धरण झाले तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे इथे आणून वसवली. खुद्द सुपा हे तालुक्याचे गाव होते. तेही बुडाले आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. आपल्या घरी लागणाऱ्या विजेतला काही भाग या नदीचा आहे. सुपा, बोम्मनहळ्ळी, तट्टीहळ्ळ, कोडसळ्ळी, कद्रा अशी एकामागून एक धरणे, आणि कद्र्याच्या जलाशयाकाठी कैगा अणुवीज केंद्राच्या २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या. जेमतेम १८४ किलोमीटर लांबीच्या नदीकडून यापेक्षा जास्त काम कुणी काय घेणार? घाट उतरून कद्र्याला आलो की हवा एकदम दमट होते, माड दिसू लागतात आणि काळी रुंद, शांत होऊन रस्त्याला साथ देते. इतका वेळ डुलक्या काढणाऱ्या अत्ती इथे सावरून बसल्या.

कारवार हे नाव जवळच्या कडवाड या जुन्या गावावरून आले. सतराव्या शतकात इंग्रजांची इथे वखार होती. हुबळीकडचे तलम कापड आणि घाटावरची मिरी ते इथून जहाजांत भरत. फेब्रुवारी १६६५ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज बसरूरच्या समुद्री मोहिमेवरून परतताना गोकर्णाला उतरले आणि तिथून कारवारकडे आले. गावाने खंडणी भरली. तीत इंग्रजांचा वाटा ११२ पौंडांचा होता, असे त्यांच्याच पत्रव्यवहारात आहे.

आज जे कारवार आपण पाहतो ते मात्र आपल्या भागातल्या कापसाने घडवले, हे मला या प्रवासाआधी ठाऊक नव्हते. १८६२ पर्यंत सगळा कानडा जिल्हा मद्रास इलाख्यात होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि धारवाड-हुबळीच्या कापसाला सोन्याचे मोल आले. तो कापूस जवळच्या बंदरातून बाहेर काढायचा, तर धारवाड आणि बंदर एकाच सरकारच्या ताब्यात हवे. म्हणून जिल्ह्याचे दोन भाग करून उत्तर कानडा मुंबई इलाख्याला जोडला आणि कारवार त्याचे मुख्य ठाणे झाले. रस्ते झाले, कचेऱ्या झाल्या, न्यायालय झाले. रेल्वे येणार, कारवार दुसरी मुंबई होणार, अशी स्वप्ने पडू लागली. पण १८८८ मध्ये रेल्वे घाट उतरली ती पोर्तुगीजांच्या मार्मागोवा बंदराकडे. कारवार मागे राहिले. कोकण रेल्वे आली ती थेट १९९८ मध्ये, आणि तीही किनाऱ्याला समांतर. घाटावरून खाली आणणाऱ्या हुबळी-अंकोला मार्गाच्या फायली जंगलाच्या प्रश्नापाशी वर्षानुवर्षे अडल्या, त्या वाटेने अजून गाडी धावलेली नाही. गाव मोठे न होण्याचे दुःख तिथल्या व्यापाऱ्यांना असेल. मला मात्र त्यामुळे उरलेली जुनी कौलारू घरे, दारातले माड आणि निवांत रस्ते पाहून बरे वाटले.

मुंबई इलाख्याचे न्यायालय इथे आले म्हणून रवींद्रनाथ टागोर कारवारला आले. त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. त्यांची बरीचशी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. ते मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी यांनी मुंबईच्या पारशी बायकांचे पाहून साडी नेसण्याची नवी पद्धत बंगालात रूढ केली. आज सगळीकडे साडी नेसतात तिच्यात त्या पद्धतीचा वाटा मोठा आहे. सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश असताना, १८८३ मध्ये, बाविशीतले रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी इथेच लिहिले. जगाचा त्याग केलेल्या एका संन्याशाला एक अनाथ मुलगी पुन्हा माणसांत कशी ओढून आणते, त्याची ती कथा आहे. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचे लग्न झाले. पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी कारवारवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. अर्धचंद्रासारखा किनारा, चांदण्या रात्री होडीतून काळी नदीत केलेली सफर, आणि नदीच्या मुखाशी उतरून वाळूतून चालत घरी येणे, हे सगळे त्यात आहे. आज त्या किनाऱ्याला त्यांचेच नाव आहे.

त्या सफरीत त्यांनी पाहिलेल्या डोंगरी किल्ल्याचा उल्लेख ते शिवाजी महाराजांचा किल्ला असा करतात. नदीच्या उत्तर तीरावर आज दिसतो तो सदाशिवगड सोंदेकर राजांनी बांधला आणि सदाशिव नायकाचे नाव त्याला दिले, असे इतिहास सांगतो. गडावर तटाचे अवशेष थोडेच उरले आहेत, पण दुर्गादेवीचे देऊळ आहे आणि वरून जे दिसते त्याला तोड नाही. एका बाजूला काळीचे रुंद पात्र, समोर कारवारचा किनारा, समुद्रात कुर्मगड आणि देवगड ही बेटे. कुर्मगडावर नरसिंहाचे देऊळ आहे. पौषात तिथे जत्रा भरते तेव्हा किनाऱ्यावरच्या होड्या माणसांनी भरून बेटाकडे निघतात. जुने मराठी चित्रपट पाहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ‘सांगत्ये ऐका’च्या जयश्री गडकर यांचा जन्म याच सदाशिवगडाजवळच्या कणसगिरीचा, १९४२ सालचा.

गडाखालीच काळीवरचा पूल आहे. अत्तींच्या लहानपणी पूल नव्हता. कोडीबागहून सदाशिवगडला तरीने जायचे, आणि पावसाळ्यात नदी फुगली की अलीकडची माणसे अलीकडे आणि पलीकडची पलीकडे. ‘‘इल्ले दोणी इत्तु,’’ त्या बोट दाखवून म्हणाल्या. इथेच होडी असायची. पूल झाला १९८३ मध्ये. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर तो जुना पूल कोसळला. त्यावरून जाणारा एक ट्रक नदीत गेला. चालक ट्रकच्या टपावर येऊन थांबला आणि मच्छीमारांनी व पोलिसांनी त्याला वाचवले. शेजारचा नवा पूल उभा असल्यामुळे वाहतूक पुढे सुरू राहिली. एक्केचाळीस वर्षांत पूल पडतो हे ऐकून अत्तींना आश्चर्य वाटले नाही. त्यांच्या दृष्टीने तो पूलच नवा होता.

कारवारचा टागोर किनारा गावाच्या इतका जवळ आहे की न्यायालयातून सुटलेले वकील काळ्या कोटातच तिथे फेरी मारताना दिसतात. वाळू स्वच्छ, उतार सौम्य. बेटांमुळे आणि डोंगराच्या आडोशामुळे इथल्या लाटा गोव्यापेक्षा बऱ्याच शांत वाटतात. पोहायला उतरण्याआधी मात्र स्थानिक माणसांना विचारावे, कारण नदीच्या मुखाकडे ओढ असते. महामार्गाच्या कडेला नौदलातून निवृत्त झालेली ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. तिच्या पोटात शिरून मुलांनी अर्धा तास काढला. शेजारीच नौदलाचे जुने तुपोलेव्ह विमानही आहे.

त्या नौकेजवळ एका सैनिकाचा पुतळा आहे. पर्यटक त्याच्यापाशी छायाचित्र काढतात आणि नाव न वाचता जातात. ते आहेत मेजर रामा राघोबा राणे. परमवीरचक्र मिळाले आणि ते पाहायला स्वतः जिवंत होते, असे पहिले वीर. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे जात होते. वाटेत शत्रूने पेरलेले सुरुंग आणि पाडून ठेवलेली झाडे होती. बॉम्बे इंजिनिअर्सचे हे तरुण अधिकारी अंगावर गोळ्या येत असताना आणि जखमी असतानाही तीन-चार दिवस रस्ता मोकळा करत राहिले. एका ठिकाणी तर ते रणगाड्याखाली सरपटत, त्याच्याबरोबरच पुढे सरकले. राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. हे गाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा यायचे आहे.

संध्याकाळी वाळूत बसलो असताना अत्तींनी मुलांना रापण समजावून सांगितली. कन्नडात तिला रंपणी म्हणतात. होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढायची. ओढायला तीस-चाळीस माणसे लागत, कधी त्याहून जास्त. बाई, पोर, वाटसरू, जो दोर धरील त्याला वाटा. अत्तींचे घर शाकाहारी, पण त्याही मैत्रिणींबरोबर दोर धरायला धावत. वाट्याला आलेले बांगडे मैत्रिणीच्या टोपलीत टाकून हात तीन-तीनदा धुवून घरी जात. वडिलांना हे कधीच कळले नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी यांत्रिक बोटी आणि पर्ससीन जाळी आली. मासळीचे थवे किनाऱ्याला लागण्याआधीच खोल पाण्यात पकडले जाऊ लागले आणि रापण जवळजवळ संपली. हजारो हातांचा वाटा गेला. आज कुठे हौसेने जाळे ओढताना दिसले तर दिसते.

किनाऱ्याचे हे आकुंचन तेवढ्यावर थांबलेले नाही. गावाच्या दक्षिणेला बैतकोलचे बंदर आहे. त्याचा विस्तार टागोर किनाऱ्याच्या बाजूने करण्याचे काम २०२० च्या जानेवारीत सुरू झाले, तेव्हा मच्छीमार रस्त्यावर आले आणि बायका समुद्रात उभ्या राहिल्या. गाव बंद झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि काम थांबले. बंदर वाढले तर रोजगार वाढेल असे म्हणणारेही गावात आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. पण होडी ओढून ठेवायला, जाळे वाळवायला मच्छीमाराला आता हीच वाळू उरली आहे. का, ते दक्षिणेकडे गेल्यावर कळते.

त्याआधी जेवणाचे सांगते, नाहीतर वाचक रागावतील. मासळी बाजार सकाळी पाहावा. बांगडे, तारली, इसवण, सुंगटे, आणि काळीच्या खाडीतून बायकांनी काढलेले तिसरे नि कालवे. विकणारी बाई तुमच्याशी आधी कोंकणीत बोलते, ‘‘खंयचे तुमी?’’ तुम्ही बावरलात तर कन्नडात येते, आणि बेळगावचे म्हटल्यावर ठसठशीत मराठीत भाव सांगते. तिन्ही भाषांत भाव तोच असतो. १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा त्या दिवसांत ताज्या मासळीच्या आशेने जाऊ नये. खानावळीत तेफळ घातलेले बांगड्याचे हुमण, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी मिळाली. अत्तींसाठी समोरच्या शाकाहारी हॉटेलात सोय केली होती. पण जेवून त्या आमच्या टेबलाशी येऊन बसल्या आणि माझ्या ताटातला मासा कोणता हे मला त्यांनीच सांगितले. मी बांगडा समजत होते, ती तारली होती.

या गावाची भाषा कोणती, हा प्रश्न आपल्या भागातल्या माणसाच्या मनात येतोच. कारवारचे नाव सीमावादात आहे आणि तो वाद आपल्या घरांतूनही फिरलेला आहे, त्यामुळे त्याचे वेगळे वर्णन नको. मला दिसले ते एवढेच. घरात कोंकणी, कचेरीत आणि शाळेत कन्नड, आणि जुन्या पिढीच्या कपाटात मराठी पुस्तके. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ किनाऱ्यावर भेटले. शाळा मराठीत झाली, नोकरी कन्नडात केली आणि भांडण कोंकणीतच येते, असे ते हसत म्हणाले. याच जिल्ह्याने कन्नडला मोठे लेखक दिले आणि त्यांतल्या काहींना मुंबईने घडवले. गोकर्णाजवळच्या हनेहळ्ळीचे यशवंत चित्ताल आयुष्यभर मुंबईत राहिले आणि ‘शिकारी’सारखी कादंबरी त्यांनी कन्नडात लिहिली. गोकर्णाचे जयंत कायकिणी यांच्या मुंबईवरच्या कन्नड कथा इंग्रजीत गेल्या आणि त्या पुस्तकाला २०१८ चा दक्षिण आशियाई साहित्याचा डी.एस.सी. पुरस्कार मिळाला. मुंबईची चाळ कन्नडात वाचायची असेल तर कायकिणी वाचावेत. आमच्या घरात ते मी वाचले ते यांच्याकडून मागून घेऊन, आणि अडले तिथे अत्तींना विचारत.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंकोल्याच्या दिशेने निघालो. अत्तींना आणखी एक किनारा पाहायचा होता. त्यांच्या वडिलांचे एक सहकारी अर्ग्याला राहत. त्यांच्या घरी रविवारी जायचे, माडाखाली जेवायचे आणि थेट समुद्रात उतरायचे, अशी त्यांची आठवण. मी त्यांना आधी सांगायला हवे होते, पण मला ते जमले नाही. बिणगा ओलांडले आणि महामार्गाच्या उजव्या हाताला भिंत सुरू झाली. भिंतीवर तार. ती बराच वेळ गाडीबरोबर येत राहिली.

ही भिंत नौदलाच्या तळाची. ‘सीबर्ड’ प्रकल्पाची कोनशिला १९८६ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते बसली आणि ‘आय.एन.एस. कदंब’ हा तळ ३१ मे २००५ रोजी सुरू झाला. मुंबईच्या बंदरात गर्दी होती, युद्धनौकांना खोल पाण्याची, डोंगरांनी झाकलेली जागा हवी होती, आणि ती इथे होती. देशाला या तळाची गरज नव्हती असे कुणी म्हणणार नाही. पण त्यासाठी तेरा गावांतली जमीन गेली आणि चार हजारांवर कुटुंबे उठली. अर्गा, बिणगा, चेंडिया, तोडूर ही त्यांतली नावे. समुद्राला लागून राहणारे मच्छीमार आणि शेतकरी महामार्गाच्या अलीकडे वसाहतींत गेले. वाढीव भरपाईसाठीच्या न्यायालयीन लढाया दोन-दोन दशके चालल्या. ज्यांनी खटले भरले त्यांतले कित्येक पैसे हाती येईपर्यंत राहिले नाहीत.

आणि त्यात चेंडिया आहे. परमवीर राण्यांचे चेंडिया. मेजर राणे १९९४ मध्ये गेले. पुतळा कारवारच्या किनाऱ्यावर उभा राहिला तेव्हा त्यांच्या गावच्या माणसांना स्वतःच्या किनाऱ्यावर जायची सोय राहिली नव्हती. गावाने देशाला एक सैनिक दिला आणि मग जमीनही दिली. पहिल्या देण्याचा पुतळा झाला. दुसऱ्या देण्याची महामार्गाच्या कडेला एखादी पाटी तरी असावी असे मला वाटले. मला तरी ती दिसली नाही.

तळाच्या समोरच अंजदीव बेट आहे. १४९८ मध्ये वास्को द गामा परतताना तिथे थांबला होता. मुंबई पोर्तुगीजांकडून ताब्यात मिळेपर्यंत इंग्रजांची एक पलटण १६६० च्या दशकात तिथे येऊन राहिली आणि तिच्यातले शेकडो सैनिक रोगराईने गेले. त्यांचा प्रमुख शिपमनही १६६४ मध्ये तिथेच वारला. नोव्हेंबर १९६१ मध्ये बेटावरच्या पोर्तुगीजांनी ‘साबरमती’ या आपल्या प्रवासी जहाजावर गोळ्या झाडल्या. डिसेंबरात गोवा मुक्त करताना हे बेट घेण्यासाठी आपल्या सात नौसैनिकांनी प्राण दिले. अत्ती तेव्हा अकरा वर्षांच्या. त्या दिवसांत मोठी माणसे रेडिओभोवती बसायची आणि आम्हा मुलांना किनाऱ्यावर जायची बंदी होती, एवढे त्यांना आठवते. बेटावर जुने चर्च आहे आणि तिथल्या जत्रेला कारवार-काणकोणचे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या होडीने जात. आता बेट तळाच्या हद्दीत आहे.

अर्ग्यापाशी यांनी गाडी जरा हळू केली. अत्ती काचेतून पाहत होत्या. धाकटीने विचारले, ‘‘अज्जी, तुझा समुद्र कुठेय?’’ अत्तींनी भिंतीकडे हात केला आणि म्हणाल्या, ‘‘आ कडे.’’ पलीकडे. मग त्यांनी पिशवीतून सांदग्यांचा डबा काढून मुलांपुढे धरला.

पुढचा प्रवास नेहमीचाच, म्हणून थोडक्यात सांगते. अंकोला हे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे गाव. करबंदीच्या लढ्यामुळे त्याला कर्नाटकाची बार्डोली म्हणतात. इथला करी इशाड आंबा मे महिन्यात मिळतो आणि त्या आंब्यासाठी पुन्हा यावे अशी त्याची ख्याती आहे. हजारो रोपे वाढवणाऱ्या तुळसी गौडा आणि शेकडो लोकगीते गळ्यात सांभाळणाऱ्या सुक्री बोम्मगौडा या दोघी हालक्की समाजाच्या पद्मश्री याच तालुक्याच्या. पहिल्या डिसेंबर २०२४ मध्ये गेल्या, दुसऱ्या फेब्रुवारी २०२५ मध्ये. बाजारात गळ्याभोवती मण्यांच्या माळांचे थर घातलेल्या हालक्की बायका भाजी विकताना दिसतात. त्यांच्याकडची भाजी जरूर घ्यावी, आणि छायाचित्र काढायचे तर आधी विचारावे.

अंकोल्याहून गोकर्णाकडे जाताना शिरूर लागते. १६ जुलै २०२४ ला इथे डोंगर महामार्गावर आला, माणसे आणि वाहने शेजारच्या गंगावळी नदीत गेली. एका ट्रकचालकाचा मृतदेह ट्रकसह नदीतून निघायला सप्टेंबर उजाडला. कापलेला डोंगर अजून ओका-बोका दिसतो. पावसाळ्यात या रस्त्याने जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी, आणि जोराचा पाऊस असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा.

गोकर्णाबद्दल वाचकांना मी काय सांगणार? रावणाचे आत्मलिंग आणि गणपतीची युक्ती घरोघर ठाऊक आहे. महाबळेश्वराचे दर्शन सकाळी लवकर घ्यावे, रथबीदीतून कोटितीर्थापर्यंत पायी जावे. कुडले आणि ओम हे किनारे परदेशी पाहुण्यांनी प्रसिद्ध केले, आता तिथे शनिवार-रविवारी बंगळूरची गर्दी असते. वाटेत साणिकट्ट्याची मिठागरे लागतात. ऊन चढले की ती आरशासारखी चमकतात. अत्तींनी तिथे मीठ विकत घेतले, दोन किलो. घरी मीठ संपले होते असे काही नाही.

परतताना अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापूर, हुबळी असे धारवाडला आलो. वाटेत यल्लापूरला चहा घेताना अत्ती म्हणाल्या की पुढच्या खेपेला गोकर्ण नको, मुक्काम दोन्ही रात्री कारवारलाच करू. टागोर किनाऱ्यावर पहाटे मच्छीमार होड्या लोटतात, ते त्यांना मुलांना दाखवायचे आहे. मे महिन्यात जाऊ, असे ठरले आहे. आंबाही असेल, आणि १ जूनच्या आत मासळीही.